वाचल्याशिवाय सही नाही

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याची माफी आधीच मागते. आम्ही तंजावरकडचे मराठी; शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. मराठी आईनं घरी भजनाच्या वहीवरून शिकवली. हे मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पेन पुढं सरकेना.

नवरा मारायचा. एकदा त्यानं बांगड्या आणल्या, आत्याच्या आहेत म्हणाला आणि मला गहाणाच्या पेढीत घेऊन गेला. कागदावर बोट ठेवून म्हणाला, "इथं सही कर." मी केली. सही येते याचा मला थोडा अभिमानच होता. बांगड्या चोरीच्या निघाल्या. कागदावर नाव माझं. त्यानं हात वर केले. मी चौदा महिने जेलात काढले.

सुटल्यावर तंजावरला माहेरी जायला तोंड नव्हतं. जेलात शिवण शिकवायला येणाऱ्या बाईंनी कुंभकोणमच्या एका महिला केंद्राचा पत्ता दिला होता. तिथं गेले आणि उघड्या दाराशी उभीच राहिले. जेलात कुणी सांगितल्याशिवाय दार ओलांडायचं नसतं, ती सवय. केंद्र चालवणाऱ्या अक्का पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांनी काय गुन्हा केलास असं विचारलं नाही. आतूनच म्हणाल्या, "कॉफीत साखर किती?" मला किती लागते ते मला आठवेना. "मग आधी कमी घालते, लागली तर माग," म्हणाल्या. मागायला मला चार दिवस लागले.

जेलात मी सगळ्या बराकीचं इडलीचं पीठ वाटायची. केंद्रातही तेच करू लागले. चार महिन्यांनी अक्का म्हणाल्या, केंद्रातल्या बायकांच्या निधीतून कर्ज घे, ग्राइंडर आण, पीठ विक. कागद समोर आला आणि मी पेन हातात घेतलं.

"अक्का, तुम्ही सांगता तर करते. कुठं करू?"

त्यांनी माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं. "मी सांगते म्हणून? मग मुळीच नको. आधी मोठ्यानं वाच. पोस्टाच्या खिडकीत बसून मी जन्मभर हेच पाहिलं. नवऱ्यानं बोट दाखवायचं, बायकोनं तिथं अंगठा उठवायचा."

मी एकेक अक्षर लावत वाचू लागले. मागं जवळच्या नाचियार्कोविल गावची एक बाई थांबली होती, पितळेच्या समया घासून चकचकीत करणारी. ती म्हणाली, "हिचं वाचून होईतो माझ्या समया परत काळ्या पडतील."

"पडू देत," अक्का म्हणाल्या. "चिंच आहे घरात."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि पुढचं वाचणं जरा सोपं झालं. शेवटी भीत भीत विचारलं, एखाद्या महिन्यात आजारी पडले तर? कागदात तसं काहीच नव्हतं. अक्का म्हणाल्या, "हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही ग." त्या महिन्याचा हप्ता पुढं ढकलायची ओळ त्यांनी घातली. माझ्या विचारण्यानं एक कागद बदलला. मग मी सही केली. वाकडीच आली.

पीठ खपू लागलं. समयावाली बाई पहिली गिऱ्हाईक, आणि रोज आंबट झालंय म्हणत रोज नेणारी.

एकदा नवरा कसलासा कागद घेऊन दारात आला. सही कर म्हणाला. मी म्हटलं, "ठेवून जा, वाचून सांगते." तो ठेवून गेला नाही. परतही आला नाही. संध्याकाळी अक्कांना सांगितलं, तर त्यांनी नुसती कॉफी केली, साखर न विचारता, बरोबर दोन चमचे.

गेल्या शुक्रवारी शेवटचा हप्ता दिला. अक्कांनी पावती लिहून पुढं सरकवली. मी ती मोठ्यानं वाचली.

"अक्का, पैसे मिळाले असं आहे. सगळे फिटले असं कुठं आहे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मुद्दाम सोडलं होतं की विसरल्या, मी विचारलं नाही. पावती परत ओढून त्यांनी खाली लिहिलं: कर्ज पूर्ण फिटले, बाकी काही नाही. तेही मी वाचलं, आणि मग पावती घेतली.