वहिनीच्या पार्लरची जाहिरात

बाजारात समोरून गिऱ्हाईक आलं तरी वहिनी ओळख दाखवत नसे. ती बाई आपणहून हसली, बोलली, तरच वहिनी बोलणार. नाहीतर सरळ भेंडीच्या ढिगाकडे बघत राहायची. मी एकदा तिला टोकलं, "अगं, परवा तासभर बसली होती ना ती आपल्याकडे? साधं हसायला काय झालं?"

"तिच्याबरोबर सासू होती."

"मग?"

"मग काय? सासूला माहीत नसलं तर? घरी जाऊन विचारेल, ही कोण, कुठली ओळख. माझ्या हसण्यापायी तिला बोलणी कशाला?"

मला हे फारच मागासलेलं वाटलं. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. मार्केटिंगचा पेपर मला चांगला गेला होता. आणि आमच्या सगळ्या चुलत-मावस भावंडांत कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते, त्यात लाजायचं काही नाही. लाजायचं ते पुढे आहे.

दोन हजार सात-आठची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून वहिनीनं पार्लर सुरू केलं होतं. एक मोठा आरसा, मान मागे टेकता येईल अशी खुर्ची, वाफेचं मशीन, बस. लग्नाआधी ती बदलापूरला एका बाईंच्या हाताखाली शिकली होती. हात इतका हलका, की तिचा दोरा भुवईवरून फिरला तरी डोळ्यांत पाणी येत नसे. चौदा एप्रिलच्या जयंतीआधीच्या आठवड्यात आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. एरवी मात्र दुपारी एखाद-दुसरी बाई, तीही इकडेतिकडे बघत आत शिरणारी.

वहिनीला गाळा हवा होता. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काचेच्या दाराचा, वर बोर्ड असलेला. दादानं तिला सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत रोज पाच-सहा जणी यायला लागल्या तर गाळा बघू. नाहीतर आमच्या कंपनीत पॅकिंगला बायका घेतायत, तिकडे लाग." दादा वाईट नव्हता. घरात दिवसभर बायकांची ये-जा आणि मेणाचा वास, त्याला कंटाळला होता.

पार्लरचं सामान आणायला आम्ही उल्हासनगरला जायचो. तिथला होलसेलवाला सिंधी म्हातारा वहिनीला बेटी म्हणायचा. धंदा वाढत नाही म्हणून मी त्याच्याकडे रडगाणं लावलं, तेव्हा त्यानं भिंतीवरच्या क्रीमच्या पोस्टरवर बोट ठेवलं. "ये देखो. पहले ऐसी, बाद में ऐसी. जो दिखता है वो बिकता है, बेटी." पोस्टरवर एकाच बाईचे दोन चेहरे होते, एक डागांचा, एक गोरापान.

परत येताना वहिनी म्हणाली, "ती बाई फोटोचे पैसे घेत असेल. आपल्याकडची कशाला बसेल फोटोला?"

"तुला ना, धंदा कळतच नाही, वहिनी."

"हो का, मॅडम? मग तू कर ना बी.कॉम.चा धंदा!" ती हसली. मी ती परवानगी धरली.

त्या वर्षी कॉलेजची झाडून सगळी मुलं एका साइटवर होती. एकमेकांना स्क्रॅप म्हणजे निरोप लिहायची, फोटोंचे अल्बम लावायची, आणि कुणाचाही अल्बम कुणीही बघायचं. मी मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून वहिनीच्या पार्लरचं पान तयार केलं. सुरुवातीला मेंदीचे हात टाकले, अंबाडे टाकले, एका नवरीची पाठमोरी वेणी टाकली. पंधरा दिवसांत बेलवलीहून दोन मुली आल्या. "नेटवर बघितलं," म्हणाल्या.

त्या गेल्यावर वहिनीनं मला तीनदा विचारलं, "खरंच बेलवलीहून? रिक्षा करून?" त्या संध्याकाळी तिनं माझ्यासाठी मुद्दाम शिरा केला. मी तो मिरवतच खाल्ला. आता मला म्हाताऱ्यानं दाखवलं होतं तसं काहीतरी हवं होतं. आधी आणि नंतर.

त्याच आठवड्यात पालेगावची एक मुलगी आईबरोबर आली. आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या हनुवटीवर आणि ओठांवर पुरुषासारखे दाट केस यायचे. तिची आई तिला नेहमी भर दुपारी आणायची, रस्ता रिकामा असताना. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. आई बाहेरच्या बाकड्यावर बसली, वहिनी आत मेण तापवत होती. मी मुलीला विचारलं, "एक फोटो काढू?"

"काढ ना, ताई," ती म्हणाली.

काम झाल्यावर दुसरा काढला. त्यात ती हसत होती, आरशात मान वळवून वळवून स्वतःला बघत होती. मी काही खोटं बोलले नाही. पण फोटो कशाला, हेही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. वहिनीलाही मी बोलले नाही. म्हटलं, गिऱ्हाइकं आली की कळेलच.

दुसऱ्या दिवशी सायबरमध्ये मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पेपरात बघितलं होतं तशी तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. एवढी अक्कल मला होती, असं तेव्हा वाटलं.

पुढच्या आठवड्यात मुलीची आई आली. एकटी, आणि पायरीवरूनच बोलायला लागली. मी पडद्यामागे आरसा पुसत होते.

"काय केलंस गं हे? पोरीचा फोटो ह्याच्या-त्याच्या मोबाइलवर फिरतोय. तिच्या वर्गातली पोरं तिला दाढीवाली म्हणतात. तुझ्यावर इश्वास टाकला ना मी?"

"कसला फोटो, काकू?" वहिनीनं विचारलं. मग थांबली. कॅमेरा कुणाच्या हातात होता, तिला माहीत होतं.

"इथलाच हाय. मागे तुझा पडदा दिसतोय. कानात मीच घेतलेली फुलं हायती. आई हाय मी, मला वळखू येनार नाही?"

वहिनीनं मला हाक मारली असती तर मी बाहेर गेले असते. मी स्वतःला असं बरीच वर्षं सांगत आले. तिनं हाक मारली नाही. ती म्हणाली, "माझ्या घरात झालं. माझं चुकलं, काकू." आणि खाली वाकून तिच्या पाया पडली. मी आरसा पुसतच राहिले.

ती बाई गेल्यावर मी कशीबशी म्हणाले, "पट्टी लावली होती मी."

"हनुवटीला लावायची होतीस," वहिनी म्हणाली.

मी तशीच पळत सायबरला गेले आणि सगळा अल्बम काढून टाकला. त्यानं काय होणार? फोटो तोवर एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेला होता. बघायला आलेल्या पाहुण्यांचा निरोप आला नाही, असं कानावर आलं. फोटोमुळे की आणखी कशामुळे, कुणाला ठाऊक. मुलगी परीक्षेपुरती कॉलेजात येते, एवढं मात्र मैत्रिणीनं सांगितलं.

गिऱ्हाईक एकेक करून नाही, एकदमच आटलं. ज्या दोघी-तिघी यायच्या, त्या आधी कोपऱ्यात नजर टाकायच्या. एकीनं तर विचारलंच, "तुझी नणंद आहे का घरात?"

"नाही हो, बाहेर गेलीये," वहिनीनं सांगितलं. मी मागच्या खोलीत कणीक मळत होते. ती बाई जाईपर्यंत मी परातीचा आवाजही केला नाही.

दिवाळीच्या आठवड्यात खुर्ची रिकामी होती. वहिनीनं पडदा उतरवून धुतला, घडी केली आणि पाडव्यानंतर पॅकिंगला जायला लागली. मी तिला "सॉरी" म्हणाले. मराठीत म्हणायचं धाडस झालं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे गं. माझ्या भल्यासाठीच केलंस ना." तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पालेगावला मी गेले नाही. जायचं ठरवलं पुष्कळदा. आधी वाटलं, राग शांत होऊ दे. मग वाटलं, विसरले असतील, आठवण कशाला करून द्या. माझ्या शिक्षणानं मला एक गोष्ट नक्की दिली, न जाण्याला कारणं शोधायची अक्कल.

आता मी हेच काम करते. छोट्या धंदेवाल्यांची पानं सांभाळते, बायकांना शिकवते. कुणाचाही चेहरा टाकण्याआधी लिहून संमती घ्या, आणि फोटो कुठे दिसणार ते तिला दाखवून मग सही घ्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. मॅडम फार प्रोफेशनल आहेत, म्हणतात.

वहिनी कंपनीत लागून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा तिच्या लाइनवरची एक बाई घरी आली होती. बोलकी होती. चहा घेता घेता मला म्हणाली, "बघा ना ताई, डब्याच्या सुट्टीत सगळ्या जणी म्हणतो, कुणीतरी भुवया करून द्या गं. तर तुमच्या वहिनी म्हणतात, मला दोरा धरता येत नाही."

"खरंच येत नाही," वहिनी म्हणाली.

"मग तुमच्या एवढ्या छान कोण करतं?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलंही नाही. "ही करते."

ती बाई कौतुकानं माझ्याकडे वळली. "अय्या! मग ताई, माझ्याही द्या ना करून."

मला जन्मात दोरा धरता आला नाही; तिच्या भुवया तीच आरशात बघून करायची. तेव्हा तरी खरं सांगायचं होतं, त्या बाईसमोर, वहिनीसमोर. मी म्हटलं, "आज नको, जरा घाईत आहे." वहिनीनं कपबशा उचलल्या आणि ती आत गेली.