बर्फातला मेणाचा ठोकळा

माझी धाकटी बहीण उरणच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या छातीतली गाठ पनवेलला काढली, तेव्हा ती माझ्याकडेच राहिली होती. गाठ कॅन्सरची निघाली, आणि पुढची तपासणी अर्धवटच बोलली, धड हो नाही, धड नाही नाही. डॉक्टर म्हणाले, पेशींत एक जनुक वाजवीपेक्षा वाढलंय का, ते नीट बघायला हवं. वाढलं असेल तर त्याच्यावर नेमकं इंजेक्शन आहे, नसेल तर ते देऊन उपयोग नाही. त्यासाठी मेणात बसवलेला गाठीचा तुकडा आपणच खारघरच्या लॅबमध्ये न्यायचा.

आता मेण, आणि तेही मे महिन्यात! सकाळी बघते तर हिने तो इवलासा ठोकळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेला.

"अगं वेडे, बोंबील आहेत का ते?"

"बाय, मेन हाय. रिक्षात वितळलं तं दुसरी गाठ कुटून आणू?"

लॅबच्या दारात पेटी ठिबकायला लागली. रखवालदार म्हणाला, "मावशी, मासळी आत चालत नाय."

"मासळी नाय, माजी गाठ हाय."

आतल्या डॉक्टरीणबाईंनी ठोकळा पुसला. "एवढ्या उन्हाने हे वितळत नाही, मावशी. पण पातळ काप काढायच्या आधी आम्हीही तो बर्फावरच ठेवतो." बहिणीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मला घरी पोचेपर्यंत पुरलं.

निकालाला गेलो तेव्हा बाईंनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. काळोखात निळे गोळे, त्या पेशी. त्यांत हिरवे ठिपके तुलनेसाठी, आणि लाल म्हणजे ते जनुक. निरोगी पेशीत दोन्ही जोडीजोडीने दिसतात म्हणे.

बहीण पुढे वाकली. "हितं तं लाल जवल्याचे वाटेच लावलेत."

"हो, खूप वाढलंय."

"म्हंजे वाईट ना?"

"गाठ जोरकस आहे, हे खरं. पण औषधाने कुठे धरायचं ते कळलं. इंजेक्शन तुम्हाला लागू आहे."

बाहेर येऊन ती रिक्षात बसताना म्हणाली, "बाय, ती पेटी धुवून ठेव. इंजेक्शनं सरली का तुला तिच्यातनंच पापलेटं आणतंय."

आणली की. पावसाळा, हिवाळा, सगळं त्या सुयांमागे गेलं, सोबतच्या केमोने केस गेले नि आले, आणि मग एक दिवस माझ्याकडून नेलेली ती पेटी घेऊन ती स्वतः दारात उभी. एक पापलेट जरा लहान होतं, तेही मी तिला ऐकवलं.