निरोग्याचं फळ

आजारी नसताना सफरचंद खाणारा जालना जिल्ह्यातला पहिला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक आमच्या समोरच्या काकाजींकडे बोट दाखवीन. राजूरला गणपतीच्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान होतं. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण बोलण्यात काकाजी आमच्यापेक्षा जास्त इथले. ऐंशीनंतरच्या त्या काळात आमच्याकडे सफरचंद फक्त रोग्याच्या उशाशी पोचायचं. पिशवीत ते दिसलं की समोरचा आवाज खाली आणून विचारायचा, "कोण आजारी हाये?"

त्यात आमचा मुलूख मोसंबीचा. मोसंबीवाल्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच रस पीत, काकाजी सफरचंदाचे गुण गायचे. पोट साफ राहतं, हिरड्या मजबूत होतात, इथपर्यंत ठीक होतं. पुढे पुढे माणसाचा स्वभावसुद्धा त्यावरच अवलंबून आहे, असं त्यांचं मत झालं. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की कापड मोजता मोजता म्हणायचे, "पोट साफ न्हाई तुमचं. सकाळी एक सफरचंद खात जा, बराबर शांत वाटंल." कुणी साल काढताना दिसलं की नव्या ताग्याला वाकडी कात्री लागल्यासारखे कळवळायचे. "सालीतच तर सगळा माल हाये! बिलकुल काढायची न्हाई!" जेवणानंतर ते फोडी चावायला बसले की करकर आवाज रस्ता ओलांडून आमच्या घरात यायचा आणि आई म्हणायची, "जेवले शेटजी."

एकदा ते जालन्याहून पिशवीभर सफरचंदं घेऊन एसटीतून उतरले आणि वाटेत चहाला थांबले. तेवढ्यात बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. काकीजींचं काही खरं नाही, असं त्या बातमीचं स्वरूप होतं. काकाजी येऊन बघतात तर दारात चपलांचा ढीग. काकीजी आत पापड लाटत होत्या आणि केदारखेड्याहून गणपतीला आलेली त्यांची मानलेली बहीण त्यांच्याच गळ्यात पडून रडत होती, "बाई गं, असं कसं झालं!" काकीजींना वाटलं, काकाजींचंच काही बरंवाईट झालं, म्हणून त्यांनीही गळा काढला. काकाजींनी शांतपणे पिशवी उघडली आणि चाकू मागवला. "आलेच हाये तर खाऊन जा," म्हणाले.

मी हसतो खरा, पण माझी आई आज आहे ती या माणसामुळे.

मुदतीच्या तापातून ती वाचली, पण तिची अन्नावरची वासना उडाली. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम झालं. आता पोटात काही गेलं नाही तर माझाही इलाज चालणार नाही." भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणायचा, आणि फडताळातला ढीग वाढला तशी आई आणखी खचत गेली. मला जवळ बसवून म्हणाली, "एवढी सफरचंदं येऊन राह्यली, म्हंजी डाक्टरनं तुला काही तरी सांगितलं असंल. मला फसवू नको बाबा." पेजेचा चमचा ओठाला लागू देईना. मी नुकताच शाळेवर लागलो होतो, कमावता झालो होतो, पण पेजेची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

काकाजी आले ते रिकाम्या हाताने. त्यांनी फडताळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन गल्लीच गोळा करून आणली. गिरणीवाला, शेजारची गरोदर सून, तालमीतले दोन गडी, एवढंच काय, मोसंबीवालेसुद्धा. सगळ्यांना खाटेभोवती बसवलं आणि स्वतः फोडी वाटायला लागले. "बघा वैनी, निरोग्याचं फळ हाये हे. एवढे लोक खाऊन राह्यले, ते काय मरून राह्यले का?" घरभर करकर सुरू झाली. आई आधी नुसती बघत होती. मग उशीवरून थोडी उठली. संसारी बाई ती, भरलेलं फडताळ डोळ्यांदेखत रिकामं होताना तिला बघवेना. शेवटच्या सफरचंदाला चाकू लागला तशी होत्या नव्हत्या त्राणाने खेकसली, "अवो शेटजी, सगळीच संपवता का? मला ठेवा की एक फोड!"

ती फोड तिने सालीसकट खाल्ली. संध्याकाळी आपणहून पेज मागितली. मी परसात जाऊन पोटभर रडून घेतलं.

पुढे दोन हजार सालाच्या आसपास काकाजींनी अंथरूण धरलं. त्यांच्याही उशाशी ढीग जमला, आणि हा माणूस एकाही सफरचंदाला तोंड लावेना. "जिंदगीभर धडधाकट असताना खाल्लं. आता आजारी म्हणून खाऊ का?" काकीजी अगदी रडकुंडीला आल्या. आई गेली, पदर खोचून बसली आणि कुणाला काही न विचारता जमलेल्यांना फोडी वाटायला लागली. काकीजी, मुलं, सुना, मी, सगळे चावू लागलो. काकाजी डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "वैनी, मला ठेवा की एक फोड."

त्यांना दात उरले नव्हते. तरी आईने साल काढली नाही. पातळ चकती करून दिली, ती ते कितीतरी वेळ तोंडात घोळवत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. आता राजूरच्या रस्त्यावर हातगाड्यांवर सफरचंदं असतात आणि कोण आजारी हाये, असं कुणी विचारत नाही. आई थकली आहे, पण जेवणानंतर तिची फोड चुकत नाही. रस्त्यापलीकडून आता आवाज येत नाही. आमच्याकडून मात्र अजून जातो.