गॅब्रिएलला बायकोचा हेवा

गास गावात गॅब्रिएलचं गॅरेज होतं, घरापुढच्या अंगणातच. हात चांगला, पण पोटात हेवा, आणि तोही स्वतःच्या बायकोचा. मला गोड गोड लिहिता येत नाही, तेव्हा आहे तसं सांगते.

ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकानं गाडीत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडायची. गॅब्रिएल चाकापाशी, बायको लूर्डस पॅडलवर, अशी बारा वर्षं गेली. तेवढ्या काळात तिचा पाय असा तयार झाला, की दोष कुठल्या चाकात आहे ते ती बसल्या जागी सांगायची. गिऱ्हाइकं तिलाच विचारू लागली. झालं! गॅब्रिएलनं तिचं गॅरेजात येणंच बंद केलं.

१९९९च्या डिसेंबरात माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर खाऱ्या हवेनं गंजून अडकले. कॅलिपर म्हणजे चाकामागची फिरती तबकडी चिमटीत पकडून गाडी थांबवणारा भाग. गॅब्रिएल नवे बसवत होता. मी सहज विचारलं, "लूर्डस नाही का मदतीला?"

"का? तिच्याशिवाय ब्रेक लागत नाय काय?" पाना त्यानं असा आवळला, जणू माझी मानगूटच हातात आहे. "बसा आत, टीचर. तुम्हीच दाबा."

वीस मिनिटं दाबलं. पॅडल आपलं मऊच, म्हणजे हवा आतच. ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या लूर्डसला शेवटी राहवलं नाही.

"टीचर, खाली खाली जातंय नं?"

"तू भाजी बघ," गॅब्रिएल गुरकावला.

"बघते. तू पन बघ जरा. स्क्रू खालच्या अंगाला आलाय. हवा वर अडकते रे बाबा! डावा कॅलिपर उजवीकडं बसवलायस."

त्यानं वाकून पाहिलं. कान लाल झाले. दोन्ही काढले, बाजू बदलून पुन्हा बसवले. मी मात्र गाडीतून उतरले. "माझा गुडघा गेला. आता लूर्डसला बोलाव, नाहीतर गाडी इथंच राहू दे."

लूर्डस आली ती सरळ चाकापाशी. "आज तू पॅडलवर बस. हवा मी काढते."

"मिस्त्री कोण इथं? तू का मी?"

"बैस रे," मी म्हटलं. बसला.

लूर्डसनं स्क्रू सैल केला आणि नेमका तेव्हाच तुळिंजचा एक रिक्षावाला आत डोकावला. "मिस्त्री कुठायत?"

"मीच की!" गॅब्रिएल ताडकन उठला.

"गॅबी, पाय!" लूर्डस ओरडली. उशीर झाला होता. स्क्रू सैल असतानाच पॅडल सुटलं, हवा परत आत. सगळं पहिल्यापासून.

या खेपेला त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडून पाय दाबून धरला. घाम फुटला होता. रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, "मिस्त्री, किती वेळ लागेल?"

गॅब्रिएलनं समोरच्या काचेवरची नजर हलवली नाही.

"मला काय विचारता? खाली बसलीय ती. तिला विचारा."