खांडीकडे धावलेला हिरामण

हवालदार म्हणून निवृत्त झालो. घर रोह्याला, नदीपलीकडं अष्टमीत. सकाळी चहाला बसलो की कोणी ना कोणी विषय काढतोच, परक्यांच्या लढाईत आपली पोरं कशाला ठेवायची? लगेच दुसरा टेबलावर हात आपटतो, देशाची शान आहे म्हणतो. दोघांनीही गोळीचा आवाज फक्त टीव्हीवर ऐकलेला. आधी मी चिडायचो. आता म्हणतो, बसा, एका दुपारची हकिगत ऐका, मग काय अक्कल पाजळायची ती पाजळा.

आमची बटालियन शांतिसेनेत गेली. आफ्रिकेतला एक देश. तिथल्या दोन गटांची लढाई इतकी जुनी की आमचा दुभाषा लढाईतच जन्मला आणि लढाईतच त्याचं लग्न झालं. आमची मुदत एक वर्षाची. कंपनीचं काम एकच, नदीकाठच्या दलदलीत एका गटाच्या हल्ल्यांमुळं घरदार सोडून आलेल्या लोकांचा तळ राखायचा. तळाभोवती मातीचा बंधारा. बाहेर पाणी, आत तंबू, आणि तंबूंची जमीन पाण्याच्या पातळीच्या खाली.

माझ्या सेक्शनमध्ये दहा जण. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, शिपाई हिरामण म्हात्रे. कासूकडचा, खाडीकाठच्या गावातला. त्याची माणसं खारजमिनीत भात करणारी. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिकडं बांध घालतात. बांध फुटला की खांड पडली म्हणतात. मग एकच हाक येते आणि अख्खा गाव ताटावरून उठून धावतो. शेत कोणाचं, भांडण कोणाशी, ते नंतर. मीही त्याच मुलखातला, मला हे सांगावं लागत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात हिरामण बंधारा फिरून आला नि म्हणाला, "साब, उंदरांनी पार पोखरलाय ह्यो." तेव्हापासून सकाळची ड्युटी संपली की काठीनं बिळं शोधायची आणि चिखल-गवत ठासायचं, हा त्याचा नेम. तळातल्या बाया आधी हसल्या, मग टोपल्या घेऊन त्याच्या मागं यायला लागल्या. त्यांची भाषा त्याला येत नव्हती. तो सरळ आपल्या बोलीत ओरडायचा, "अगो, असं नाय, गवत आडवं टाक!" आणि त्या टाकायच्या.

दहाव्या महिन्यात तळाचा रंग बदलला. सरपणाला बाहेर जाणाऱ्या बाया जाईनाशा झाल्या. मासे घेऊन येणारे दोन होडीवाले यायचे बंद झाले. लोकांनी शेळ्या तंबूत बांधायला सुरुवात केली. दुभाष्याला विचारलं तर तो माझ्या डोळ्यांत न बघता "ऑल ओके" म्हणायचा. त्याच आठवड्यात उत्तरेकडच्या पोस्टवरची दुसऱ्या देशाची तुकडी माघारी गेली. त्यांच्या सरकारनं ठरवलं, पुरे झालं. त्यांच्या गाड्या गेटमधून निघाल्या तेव्हा तळातली माणसं दुतर्फा उभी होती. कोणी हात हलवला नाही.

त्या दिवशी जेवताना मी म्हणालो, "आपणही निघायला पाहिजे. ही लढाई आपल्या नातवंडांच्या वेळेलाही चालूच असणार."

"जाऊ ना साब," हिरामण म्हणाला. "पण पाणी चढलेलं असताना बांधावरून कोण उठतो काय?"

"आणि उतरलंच नाही तर?"

"मंग आयच्या शिव्या खायच्या. तिला वाटतंय मी लावणीला पोचतोय." आणि हसत माझ्या ताटातलं लोणचं उचललं गाढवानं.

तीन दिवसांनी, दुपारी 1525 वाजता, आमच्या पोस्टच्या उजवीकडं दोनशे मीटरवर बायकांचा कल्ला उठला. दुर्बिणीतून पाहिलं. बंधाऱ्यातून पाणी आत कोसळत होतं. खालच्या ओळीतले तंबू हलायला लागले होते.

"साब, खांड!" हिरामण उभाच राहिला.

मी रेडिओ उचलला. "कंट्रोल, अल्फा थ्री. बंधारा टूटा है. पानी अंदर आ रहा है. ओव्हर."

"अल्फा थ्री, पोस्ट मत छोड़ो. इंजिनिअर निकल रहे हैं. तीस मिनट. ओव्हर."

तीस मिनिटं! खांड दहा मिनिटांत दुप्पट होते. हे कंट्रोलवरच्या साहेबांना माहीत नव्हतं, त्यांचं गाव वाळवंटातलं. मला माहीत होतं. हिरामण माझ्याकडं बघत होता. त्यानं परवानगी मागितली नाही, नुसता बघत राहिला. एलएमजीवरचा माणूस हलवायचा नसतो, हे मी कितीतरी पोरांना शिकवलेलं.

मी म्हणालो, "जा. दोघांना घे. लवकर ये."

1532 ला तो खांडीत उतरला. छातीइतक्या पाण्यात उभा राहून पोती मागायला लागला. बाया, म्हातारे, सगळ्यांनी रांग लावली. माझा जीव थोडा भांड्यात पडतोय तोच, 1546 ला त्याचा आवाज वॉकी-टॉकीवर आला. धापा टाकत होता.

"साब, ही पाण्यानं नाय फुटली. कुदळीचे घाव हायत. माणसानं फोडलीय."

आम्हाला तिकडं ओढायला फोडली होती. मी ओरडलो, "परत ये! खालून ये!" आणि त्याच क्षणी समोरच्या लव्हाळ्यातून आमच्या पोस्टवर फायर सुरू झाला. एलएमजी पोस्टवर होती, तिचा माणूस दोनशे मीटर लांब.

खांड तोवर बुजत आली होती. दोघांना पोत्यांवर ठेवून हिरामण निघाला, आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून पळत आला. आमच्याकडं तसंच पळतात. खाली चिखल, पाय रुततो, म्हणून पोरं लहानपणापासून बांधाच्या माथ्यावरूनच धावतात. फौज शिकवते की माथ्यावर दिसायचं नाही. बारा वर्षांची फौज त्या एका मिनिटात विसरला तो. पोस्टपासून वीस पावलांवर पडला.

एलएमजी मी धरली. 1610 ला दुसरी प्लाटून आली, 1625 ला फायर थांबला. बंधारा टिकला. लव्हाळ्यातले लोक तळात शिरू शकले नाहीत. हिरामण 1640 ला गेला. मी शेजारी बसलो होतो. लहान मुलासारखा रडलो, त्याची मला लाज नाही.

चौकशीत मी खरं सांगितलं, हुकूम मोडून मी पाठवला. माझी बढती थांबली, ते योग्यच झालं. पण कासूला त्याच्या आईपुढं उभं राहिलो तेव्हा खरं सांगवलं नाही. "पोस्टवर लढताना गेला," एवढंच म्हणालो. चार वर्षं तेवढंच म्हणत राहिलो.

गेल्या वर्षी तिचा निरोप आला. धाकटा सचिन त्याच बटालियनमध्ये आहे, बटालियन पुन्हा त्याच देशात, त्याच तळावर निघाली होती. यादीत सचिनचं नाव. मी कासूला गेलो तेव्हा पोरगा घरात मान खाली घालून बसला होता.

म्हातारी म्हणाली, "हवालदारदादा, ह्यो म्हनतो भावाचं काम अर्धं राहिलंय. तुमी सांगा. जाऊ दे का नको?"

मग मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. खांड, रेडिओवरचा हुकूम, माझा शब्द. "आय, त्याला मीच पाठवला," म्हणालो.

तिनं विचारलं, "आत बाया-पोरं होती?"

"व्हय."

"मंग तुमी नाय म्हटलं असतं तरी तो गेलाच असता. त्याचं मी तुमाला बोलत नाय." पदरानं तोंड पुसलं तिनं. "पन फोडनारे अजून तितंच हायत ना?"

"हायत."

"मंग ह्यो बांध बुजवायचा, त्यांनी फोडायचा, हे कवापर्यंत? माझी दोन्ही पोरं त्यात घालू? नाय. एक दिला. दुसरा नाय देनार."

सचिन उठून बाहेर गेला. मी अंगणातूनच सुभेदारसाहेबांना फोन लावला. एका घरातला एक गेलाय, दुसऱ्याला रिअर पार्टीत, म्हणजे मागं राहणाऱ्या तुकडीत ठेवा, इथंच ठेवा. साहेब भले माणूस. दोन दिवसांत नाव निघालं. म्हातारीला कळवलं तेव्हा ती फोनवर नुसती रडत होती.

तुम्ही विचारता, फौज तिथं ठेवावी की परत आणावी. अहो, त्या बाया पाण्यात उभ्या असताना मला विचारलं असतंत तर म्हणालो असतो, ठेवा. ह्या बाईच्या ओट्यावर बसून म्हणालो, आणा. दोन्ही वेळा मी खरंच बोललो. फक्त यादीतली जागा रिकामी राहत नाही, एवढं मला माहीत आहे. सचिनच्या जागी दुसरा गेला.

हिरामणच्या तिथीला मी कासूला जातो. ती फोटोपुढं दिवा लावते, त्याचं नाव घेते, हात जोडते. मग माझ्याकडं वळून विचारते, "नि तो दुसरा, आमच्या सचिनच्या बदली गेला तो, बरा हाय ना?"

मी व्हय म्हणतो.

"नाव काय त्याचं?"

ते मी अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही.