आत्याबाईंची पडकी पेठ

लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळुरात आले, त्याला आठवडा झाला नसेल. सासूबाईंनी ताकाचा गडू हातात दिला आणि म्हणाल्या, "मागच्या खोलीत वन्संना देऊन ये. आणि तिथं फार रेंगाळू नकोस." रेंगाळू नकोस म्हटलं की माझे पाय हटकून रेंगाळतात. हा माझा जुना दोष.

मागच्या खोलीत माझ्या नवऱ्याच्या आत्याबाई राहत. वय चाळिशीच्या जरा पुढं. कपाळ मोकळं, आणि अठरा वर्षं भावाच्या आश्रयाला. मी दारात गेले आणि गडू तसाच हातात धरून उभी राहिले. कवाडाची एक जुनी फळी दोन पेट्यांवर आडवी टाकली होती, आणि तिच्यावर आमची अख्खी चामराजपेट पडलेली होती. कौलं खचलेली, भिंतींना तडे, विजेचे खांब कंबरेत वाकलेले. कोपऱ्यावरच्या दुकानाची फळी एका बिजागरीवर लोंबत होती. सगळं वीतभर उंचीचं, आणि इतकं खरं की मला क्षणभर नाकात धूळ गेल्यासारखं वाटलं.

"हे काय हो?" मी विचारलं.

"सगळं संपल्यावर आपली पेठ कशी दिसेल, ते," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "ताक ठेव तिथं. कोपर लागू देऊ नकोस."

त्या काळात वर्तमानपत्रात अणुबाँबच्या बातम्या सारख्या येत. घरातले पुरुष वाचून पान उलटत. आत्याबाई मात्र वाचून थांबत आणि विचार करत. मला म्हणाल्या, "घाबरून डोळे मिटण्यापेक्षा एकदा नीट बघून घ्यावं म्हटलं." बघून घेता घेता सहा-सात वर्षं गेली होती.

मला आधी वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. मग त्यांना काम करताना पाहिलं आणि माझंच डोकं फिरलं. त्यांची एक रीत होती, तिच्यात त्या तडजोड करत नसत. पडकं घर म्हणून पडकं बांधायचं नाही. आधी आख्खं घर बांधायचं. काड्यापेटीच्या काड्यांचे वासे, पोस्टकार्डाची दारं, मंगळुरी कौलाचा तुकडा घासून केलेली नखाएवढी कौलं, आत चूल, चुलीवर भांडं. आठ-दहा दिवस खपून घर पुरं झालं की फळीच्या खालून लाकडी हातोडीचा एक ठोका द्यायचा. जे पडेल ते पडेल, जे राहील ते राहील. मग उदबत्तीच्या निखाऱ्यानं वासे जाळायचे आणि चुलीतली राख वस्त्रगाळ करून वरून भुरभुरायची. गंजासाठी माझा नवरा कारखान्यातून रुमालात लोखंडाचा कीस बांधून आणी. तो कीस आत्याबाई मिठाच्या पाण्यात भिजत घालत.

पहिला ठोका पाहिला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. इतकं सुबक घर! "अहो, तसंच ठेवायचं की!"

"मोडकंच बांधलं की खोटं दिसतं," त्या म्हणाल्या. "घर आधी घर असावं लागतं."

त्यांच्या हातांइतके शहाणे हात मी नंतर कुठं पाहिले नाहीत. सांगायला लाज वाटत नाही, त्या वर्षी मी नवऱ्यापेक्षा आत्याबाईंच्याच जास्त प्रेमात होते.

सासूबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत. बाई दुष्ट नव्हत्या, भित्र्या होत्या. पडझडीचं नाव काढलं तरी घरावर येईल, अशी त्यांची समजूत. त्यातून नवरात्र आलं. आमच्या घराण्याला बेंगळुरात चार पिढ्या झालेल्या, त्यामुळे घटाबरोबर इथल्यासारखे गोंबेही मांडत. गोंबे म्हणजे बाहुल्या. दिवाणखान्यात नऊ पायऱ्या, त्यांवर देव, सैनिक, वाणी-वाणीण, वाजंत्रीवाले, आणि सगळ्यांत वर लाल चंदनाची राजा-राणीची जोडी. अशी जोडी मुलीला लग्नात माहेरहून देतात. आमच्या वरच्या पायरीवरची जोडी आत्याबाईंची होती. नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या, त्यांच्या ट्रंकेतून जोडी बाहेर आली आणि दिवाणखान्यात बसली. आत्याबाईंना मात्र त्या नऊ दिवसांत पुढं यायची बंदी. सवाष्णी यायच्या, हळदीकुंकू व्हायचं, आणि या मागच्या खोलीत दार लोटून बसायच्या. त्यांच्या पेठेवरही सासूबाईंच्या हुकमानं धोतर झाकलेलं.

मला याचा भयंकर राग आला. पण नव्या सुनेचा राग म्हणजे काय, तो भांडी आपटण्यापलीकडे जात नाही.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कढीलिंब तोडत होते. बोळापलीकडच्या घरातल्या कन्नड आजी कुंपणाशी आल्या. त्याही बिनकुंकवाच्या. मला बेळगावामुळं कन्नड चांगलं येई. त्या हळूच म्हणाल्या, यंदा गोंबे कसे मांडलेत गं? आम्हाला कोण दाखवणार, कोणी सांगतसुद्धा नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अज्जी, पुढचे नाही दाखवता येत. पण मागं दुसरे आहेत, बघता?"

हातानं धरून त्यांना आत आणलं आणि धोतर ओढून काढलं. आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या. आजी वाकून, डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिल्या. आपलं घर शोधलं, आपली पडकी विहीर शोधली. मग म्हणाल्या, "यारू इल्लवा? कोणीच नाही का गं?"

"माणसं गेली," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि चुलीवर भांडं तसंच राहिलं," आजी म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. गोंबे बघायला आलेल्या बाईला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, म्हणून मी स्वयंपाकघरातून हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी तिघी होत्या. त्यानंतर सात. चामराजपेटेच्या मागच्या बोळांतून इतक्या मोकळ्या कपाळाच्या बायका निघतील याची मला कल्पनाच नव्हती. पुढच्या दारानं जरीच्या साड्या येत होत्या, मागच्या दारानं या. एकीनं फुटक्या चष्म्याची काच आणून दिली, एकीनं बंद पडलेल्या घड्याळाचं चाक. म्हणाली, हे त्यांचं, कुठंतरी लावा. आत्याबाईंनी ते चाक पडक्या चौकाच्या मधोमध रोवलं. ज्या बाईचा आवाज आमच्या घरात ऐकू येत नसे, ती उभी राहून सांगत होती, भिंत कशी पडते, गंज कसा चढतो. मला वाटत होतं, बाई, आता थांबू नका.

सातव्या दिवशी पुढं उसळ संपली. संपणारच. सासूबाई पातेलं शोधत स्वयंपाकघरात आल्या, तिथून कुजबुज ऐकून मागं. दारात त्यांना पाहून बायका भिंतीला चिकटल्या. मला वाटलं, आता हे सगळं खंडेनवमीच्या साफसफाईत उकिरड्यावर जाणार, आणि ते माझ्या आगाऊपणामुळं.

सासूबाई रागानंच पुढं आल्या. फळीकडं बघितलं, आणि बघतच राहिल्या. मग वाकल्या.

पेठेच्या मधोमध आमचं घर होतं. छप्पर पार खाली आलेलं, पुढची भिंत गेलेली. पण आत, दिवाणखान्यात, नऊ पायऱ्या उभ्या होत्या. पुठ्ठ्याच्या, बोटभर. त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे गोंबे, एकही पडलेला नाही. मी ते घर रोज पाहिलं होतं, पण छपराखाली वाकून कधी बघितलं नव्हतं. अठरा वर्षं जी बाई त्या पायऱ्यांसमोर उभी राहिली नव्हती, तिनं एकेक बाहुली जागच्या जागी बसवली होती.

"वाणी-वाणीण तिसऱ्या पायरीवर?" सासूबाई म्हणाल्या. "ती पाचवीवर असतात."

"तुम्ही नवी सून होऊन आलात, त्या वर्षी चुकून तिसरीवर मांडली होतीत," आत्याबाई म्हणाल्या. "मी तेरा वर्षांची होते. आपण दोघी किती हसलो होतो, वहिनी."

"आणि हे पडलं नाही ते?"

"ठोका देताना खालून दुसरा हात धरला होता."

सासूबाई पातेलं घेऊन निघून गेल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. खंडेनवमीला घर झाडलं, शस्त्रं म्हणून विळी-कात्री पुजली, मागची खोली कोणी उघडली नाही. मला जेवण गोड लागेना.

विजयादशमीला संध्याकाळी राजा-राणीला आडवं करून झोपवायचं, की गोंब्यांचा सण संपतो. पुढं पाच-सहा सवाष्णी बसल्या होत्या. सासूबाई पायऱ्यांपाशी गेल्या, हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं हाक मारली, "वन्सं, बाहेर या."

आत्याबाई चौकटीत आल्या. बोटांना राख होती. "मी?"

"जोडी तुमची आहे. तुम्हीच झोपवा."

एक सवाष्ण चुळबुळली, तिच्याकडं सासूबाईंनी असं बघितलं की ती कुंकवाचा करंडा न्याहाळू लागली. आत्याबाईंनी पदराला हात पुसले, वरच्या पायरीवरून राजाला उचललं आणि तान्ह्या मुलाला ठेवावं तसं अलगद आडवं केलं. राणीकडं हात नेला. थोडा वेळ तिच्या लाकडी चेहऱ्याकडं बघत राहिल्या, आणि तिच्या पदराची जर सारखी करून हात मागं घेतला.

"हिला राहू द्या उभी, वहिनी," त्या म्हणाल्या. "हिला अजून पुष्कळ काम आहे."

"सरी, तसं होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू बघत काय उभी राहिलीस? मागच्या दाराशी बायका आल्या असतील, त्यांना पुढं घेऊन ये."