सरकारची वंशावळ

माझे भावोजी फ्रेमवाले. चाळीस वर्षं लोकांचे आजे-पणजे काचेआड बसवून त्यांना एकच अक्कल आली: माणसाचं घराणं बघावं. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं, की मात्र त्यांना खोकला यायचा.

त्यांचं कुत्रं, सरकार, मांजरापेक्षा जरासं थोराड. कान लोंबते, शेपूट पाठीवर वळलेली, खालचा एक दात कायम बाहेर. या ध्यानासाठी भावोजींनी वाचनालयातून कुत्र्यांचं जाडजूड पुस्तक आणलं. शेपटीवरून पॉमेरेनियन आजी ठरवली, नाकावरून ल्हासा पणजोबा. दाताचा मालक काही सापडेना, तेव्हा दात सोडून दिला. मग सुबक अक्षरात पाच पिढ्यांची वंशावळ लिहून, दुकानातल्या सगळ्यात भारी सोनेरी पट्टीत बसवून ती दिवाणखान्यात टांगली.

आणि याच गृहस्थांनी पोटच्या लेकीला, माझ्या भाचीला, घराचं दार बंद केलं होतं. का, तर जावई अनाथाश्रमात वाढलेला. "कोणाचा कोण, कळायला मार्ग नाही," म्हणे! नातू सात महिन्यांचा झाला, तरी ताईने त्याला फक्त फोटोत पाहिलेला. तो फोटो ती कपाटात कपड्यांखाली ठेवायची आणि नवरा दुकानात गेला की काढून बघत बसायची. मला हा माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा. पण बहिणीसाठी रविवारी चहाला जायचो.

अशाच एका रविवारी, ज्यांनी सरकारला पिल्लू असताना दिलं होतं त्या निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांनी भिंतीवरची वंशावळ वाचली आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो, याची आई माझ्याकडची, तीच मुळात भेसळ. आणि बाप बेकरीच्या मागे लोळत पडलेला असायचा. हा दात त्याचाच!"

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात सरकार त्यांच्या मांडीवर चढून हनुवटी चाटायला लागला.

"असू दे," त्याला कुरवाळत ते म्हणाले. "बाप कोण का असेना. जीव लावतो ना? बास झालं."

ताई उठली. स्टुलावर चढून तिने फ्रेम उतरवली आणि त्यांच्यासमोर टेबलावर पालथी घातली. मग आत जाऊन फोटो आणला.

"मागचे खिळे काढा."

"अगं, पण..."

"आत्ता काय म्हणालात? परत म्हणा बघू, सगळ्यांसमोर."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. शेवटी त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. नातवाला खालचा एकच दात आला होता. बराच वेळ त्यांनी फोटो खाली ठेवला नाही.

"लहान आहे," ते म्हणाले. "भोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट रुंद कापावा लागेल."

"कापा," ताई म्हणाली. "संध्याकाळी तिघं येतील. तोवर भिंतीवर लागला पाहिजे."